टाकीच्या सावलीतली मेथी

आमच्या वरच्या मजल्यावर सहा वर्षं एक मास्तर भाड्याने राहिले. ते स्वतःच्या दारावर टकटक करायचे आणि मग कुलूप काढायचे. आत कोणी नसायचं. एकटा माणूस, लग्न केलेलं नाही. पहिल्याच आठवड्यात मी हे जिन्यावरून पाहिलं आणि मुलाला म्हटलं, भाडेकरू जरा बघून ठेवत जा. मग मास्तरांनाच विचारलं. ते म्हणाले, दाराच्या फटीत पाल बसते, एकदम दार ढकललं तर चिरडते. मी म्हटलं, चिरडली तर चिरडली. त्यावर ते एक पाल किती किडे खाते आणि त्यामुळे त्यांच्या रोपांची किती पानं वाचतात हे सांगायला लागले. माझी भाजी गॅसवर होती, मी निघून आले.

ते निगडीकडच्या एका कॉलेजात झाडांचं शास्त्र शिकवायचे. सगळे त्यांना सर म्हणत. मी चौथीपर्यंत शिकले, माझ्या शाळेत मास्तर होते, म्हणून मी मास्तर म्हणायचे. आधी त्यांना ते रुचलं नाही, मग सवय झाली. मूळचे लातूरकडचे. इतकी वर्षं इकडे काढून बोलणं पुण्यासारखं झालं होतं, पण आनंद झाला की आतलं गाव बाहेर यायचं. आता रिटायर होऊन बहिणीकडे परत गेलेत. आमच्या पुनावळ्यात अजून कोणी ना कोणी मला विचारतं, तुमचे ते हात हुंगणारे सर कुठे असतात.

हात हुंगण्यावर येते मी. त्याआधी चिठ्ठ्यांचं सांगायला पाहिजे. मास्तरांच्या खोलीत प्रत्येक वस्तूवर तारीख आणि नंबर असायचा. दुधाच्या पिशवीवर, अंड्यावर, साबणावर. डझनभर केळी आणली की बारा चिठ्ठ्या, आणि खायची ती त्याच क्रमाने. एका संक्रांतीला सुनेने त्यांना पाच लाडू दिले. दुसऱ्या दिवशी मी डबा आणायला गेले तर लाडवांना नंबर. मी त्यातला पाच नंबर उचलून तोंडात टाकला. माणूस खरोखर कळवळला.

याला कारण होतं. पुष्कळ वर्षांपूर्वी पुण्यात त्यांच्या शास्त्राच्या परिषदेत ते बोलायला उभे राहिले होते. भरल्या सभेत कोणीतरी दाखवून दिलं की यांच्या दोन कुंड्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या गेल्यात आणि हे जे सांगतायत ते सगळं उलटं आहे. सभा हसली. तेव्हापासून त्यांना कोणी बोलायला बोलावलं नाही. हे त्यांनीच मला सांगितलं, अंड्यांवर नंबर घालता घालता, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. रिटायर व्हायला थोडेच दिवस उरले होते आणि त्यांना एकच गोष्ट हवी होती. त्याच परिषदेत एकदा उभं राहायचं आणि सगळं सांगून, कोणी न हसता, खाली बसायचं.

त्यांचा विषय मेथी. स्वतः मात्र कडू खात नसत. आमच्याकडे कारलं असलं की वरणात गूळ मागायचे.

मेथीच्या दाण्यात कडू असतं हे मला कोणी शिकवायला नको. तिच्यातल्या एका कडू पदार्थाला मास्तर अल्कलॉइड म्हणायचे. दाण्याला मोड आले की ते अल्कलॉइड कुठे जातं, मुळात की पानात, आणि पुढे त्याचं काय होतं, हे त्यांना शोधायचं होतं. मी म्हटलं, कुठं जातंय, तिथंच असंल की. ते म्हणाले, नाही आजी, रोप कोवळं असतं तेव्हा त्याच्या अंगात सारखी ने-आण चालू असते. पाणी मुळातून वर चढतं, त्याच्याबरोबर काय काय चढतं. पाणी पानातून उडून जातं, बरोबर आलेलं तिथेच अडकतं. मग रोप ते हळूहळू फोडतं आणि त्यातलं कामाचं वापरतं. झाडाला आपल्यासारखी मोरी नसते, असं ते म्हणाले. एवढं मला पटलं.

गच्चीवर त्यांनी मेथीचे बारा ट्रे मांडले होते. वर जाणाऱ्या प्रत्येकाचे हात ते जिन्याच्या पायथ्याशी हुंगायचे. तंबाखू मळणाऱ्याच्या बोटांवरून कोवळ्या रोपांना रोग लागतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा टाकीच्या मोटरची वायर बघायला एक जण आला. तो चाकणला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होता आणि सुट्टीला अशी कामं करायचा. मास्तर म्हणाले, हात दाखवा. त्याने उजवा तळवा पुढे केला. ''सर, पर्मनंट कधी होईन तेवढं बघा,'' तो म्हणाला. मास्तरांनी हात हुंगला आणि सांगितलं, ''तुमचं काही खरं नाही.'' बिचारा वायरी उलट्या जोडून गेला.

मास्तरांचं कॉलेज सकाळचं. ट्रेला सकाळी पाणी कोणी घालायचं हा प्रश्न होता. मुलाच्या हाताला गुटख्याचा वास. सून सहा वाजून गेले की कंपनीच्या बसमागे पळते. राहिले मी. मास्तरांनी माझे हात हुंगले आणि म्हणाले, एकदम स्वच्छ.

आता मिश्रीचं सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि ती पूड बोटाने दातांना घासत बसायचं. आमच्या जुन्या घरांतल्या बायकांची सकाळ त्याशिवाय सुरू होत नाही. मी लग्नाआधीपासून लावते. मास्तरांनी ट्रे मांडण्याच्या थोडं आधी डॉक्टरला माझ्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला आणि तो म्हणाला, आजपासून बंद. सुनेने घरातल्या सगळ्यांना गोळा केलं आणि माझी डबी माझ्याच हाताने कचऱ्याच्या घंटागाडीत टाकायला लावली. टाळ्याही वाजवल्या. डबी रिकामी होती. भरलेली डबी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे होती.

म्हणून जिन्याखाली माझे हात नेहमी स्वच्छ असायचे. वर जाऊन टाकीला टेकून मी निवांत मिश्री लावायचे, मग चूळ भरायचे. थुंकायचं कुठे हा प्रश्न होता. ऊन लागू नये म्हणून मुलाने गच्चीला पांढरा रंग दिलेला. त्यावर तपकिरी डाग पडला असता तर कपडे वाळत घालायला आलेल्या सुनेने तो लगेच ओळखला असता. ट्रेमध्ये काळी माती होती. टाकीजवळचा जो ट्रे हाताशी येईल त्यात चूळ टाकायची आणि वरून झारीने पाणी. चार महिने असं चाललं. ही गोष्ट कोणाच्या वहीत जाईल हे माझ्या मनातही आलं नाही.

मेथी बारा-पंधरा दिवसांची झाली की मास्तर ती कापून, चिठ्ठ्या लावून चाकणला पाठवायचे. तिथे औषधांच्या एका कंपनीत त्यांची जुनी विद्यार्थिनी तपासणीच्या मशिनवर होती. एका संध्याकाळी मास्तर दोन-दोन पायऱ्या चढत आले, दारावर टकटक न करता आत गेले, तसेच बाहेर आले आणि वरूनच मला म्हणाले, ''आजी, मेथी तंबाखू करायलीय.''

मशिनने सांगितलं होतं की मेथीच्या पानांत तिच्या स्वतःच्या कडूबरोबर निकोटीन आहे. तंबाखूतलं. शिवाय सगळीकडे सारखं नाही. टाकीजवळच्या ट्रेमध्ये भरपूर, लांबच्या ट्रेमध्ये अजिबात नाही. मास्तरांनी दोन दिवस विचार करून याचा अर्थ लावला. टाकीची सावली. सावलीत मेथी भेदरते आणि भेदरली की निकोटीन तयार करते. हे जगात कोणालाच माहीत नाही, असं ते म्हणाले. मला वाटलं, बरोबर आहे, डबी कुठे आहे ते माझ्याशिवाय कोणाला माहीत असणार.

मी गप्प बसले. मला वाटलं, वहीतली गोष्ट वहीत राहील. पण मास्तरांनी परिषदेला पत्र पाठवलं आणि तिकडून उत्तर आलं की या, बोला. ही बातमी माझ्या मुलाला कळली. भाडेकरूचं नाव झालं तर घरमालकाचंही होतं, आणि त्याला पुढच्या निवडणुकीत उभं राहायची हौस. त्याने चौकात फ्लेक्स लावला. 'मेथीत तंबाखू शोधणारे आमचे मार्गदर्शक, सरांचे हार्दिक अभिनंदन.' त्यावर मास्तरांचा फोटो हाताच्या पंजाएवढा आणि मुलाचा दाराएवढा.

पुढचे आठ दिवस दारात माणसं. एकाने विचारलं, या मेथीचं बी मिळेल का. एक जण म्हणाला, काकू, रोज जुडीभर खाल्ली तर तंबाखूची तलफ भागेल का, घरचे भाजी म्हणून काही बोलणार नाहीत. चौकातली भाजीवाली तर भांडायलाच आली. तिच्याकडची मेथी कोणी घेईना. मी तिच्याकडून चार जुड्या घेतल्या आणि तिला घालवलं. घेताना माझी नजर वर होत नव्हती.

मग एका रविवारी दुपारी मी वाळलेले कपडे काढायला वर गेले. मास्तरांनी दोरीवर आपले पाच शर्ट ओळीने लावले होते आणि त्यांच्यासमोर उभं राहून भाषण म्हणत होते. मधेच थांबून त्यांनी कडेच्या हिरव्या शर्टाला उत्तर दिलं, ''आपली शंका योग्य आहे. मी तिकडेच येतोय.'' हिरवा शर्ट बहुतेक कोणीतरी मोठा शास्त्रज्ञ होता. मला रडू वगैरे आलं नाही. पण चिठ्ठ्या बदलल्या तेव्हा या माणसाला लोक हसले होते. आता तर पोट धरून हसतील, आणि हसतील माझ्या थुंकीला. ते मला बरं वाटेना. मी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले.

''मास्तर, तुमच्या मेथीत तंबाखू कुठनं आली ते मला म्हाईत हाय.''

''सावलीतून,'' ते म्हणाले.

''न्हाई. माझ्या तोंडातनं.''

त्यांना आधी कळलंच नाही. मी टाकीमागून डबी काढून दाखवली. कुठे टेकते, कुठे थुंकते, सगळं सांगितलं. ते वही घेऊन आले आणि म्हणाले, कोणत्या ट्रेमध्ये. मी बोट दाखवत गेले. हा रोज, हा एक दिवसाआड, त्या तिकडच्यात कधीच नाही, कंबर वाकवायला लागते. प्रत्येक ट्रेला ते वहीत बघायचे आणि पान उलटायचे. शेवटी वही मिटून म्हणाले की हे होऊच शकत नाही. त्यांनी ज्या पुस्तकांवरून शिकवलं त्यांत असं होतं की असले पदार्थ झाड स्वतःच तयार करतं, दुसऱ्याचं मुळातून उचलत नाही.

''मंग तुमच्या वहीत कसं आलं?'' मी म्हटलं.

त्यांनी वही पुन्हा उघडली. मी उठता उठता एवढं सांगितलं की तुम्हाला सभेत जे सांगायचं ते सांगा, डबीचं मी कोणाला बोलणार नाही. ते मला स्वस्तही पडलं असतं. सुनेला काही कळलं नसतं.

तीन दिवस मास्तर माझ्याशी बोलले नाहीत. त्या तीन दिवसांत त्यांच्या दुधाच्या पिशवीवर तारीख नव्हती. चौथ्या दिवशी काचेचा मापाचा पेला आणि नवी वही घेऊन खाली आले.

''आजी, परिषदेला सव्वीस दिवस आहेत,'' ते म्हणाले. ''बी भिजत घातलंय. तुमचं तोंड लागेल.''

त्यांचं म्हणणं असं. सावली खोटी ठरली तर ठरू दे. पण मेथीने माझी चूळ मुळातून उचलून पानापर्यंत नेली असेल, तर ती काही साधी गोष्ट नाही. आणि नेल्यावर ते परकं अल्कलॉइड ती फोडते का, हे बघायलाच हवं. पाचव्या दिवशी कोवळे मोड ट्रेमध्ये लावले. दोन ट्रेला नुसतं पाणी, दोन ट्रेला दहा दिवस मोजून चूळ. मग रोपं उपटायची, मुळं धुवायची, नव्या मातीत लावायची आणि पुढे सगळ्यांना फक्त पाणी.

त्यासाठी मास्तरांनी कॉलेजातून सुट्टी घेतली. आयुष्यात लावली नव्हती इतकी मिश्री मी त्या दहा दिवसांत लावली, तीही सरकारी कामासारखी. मास्तर घड्याळ लावून शेजारी उभे. किती चिमटी, किती वेळ, किती पाणी, सगळं वहीत. चूळ पेल्यात टाकायची, ते उन्हात धरून माप बघायचे आणि कमी भरली तर म्हणायचे, अजून थोडी, काल जास्त होती. मी म्हटलं, अवो म्हशीचं दूध हाय का ते.

चुळीच्या सहाव्या दिवशी सून वर आली. तिला त्या दिवशी सुट्टी होती, हे आम्हा दोघांच्याही लक्षात नव्हतं. तिने बघितलं ते असं, की मास्तर पेला धरून उभे आहेत आणि सासू त्यात तपकिरी थुंकतेय.

''आई, हे काय चाललंय?'' ती म्हणाली.

''हलू नका,'' मास्तर पेल्यावरची नजर न काढता म्हणाले. ''बत्तीस.''

पुढे ती जे बोलायचं ते बोललीच, आणि तिचं काही चुकीचं नव्हतं. माझा चट्टा, तिची घंटागाडी, टाळ्या, सगळं निघालं. मास्तरांनाही सोडलं नाही. म्हणाली, तुम्ही शिकलेले, म्हाताऱ्या बाईला तंबाखू लावायला उभं करता. मास्तरांनी पेला खाली ठेवला. मग त्यांनी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, ती जुनी सभा, बदललेल्या चिठ्ठ्या, सावली, फ्लेक्स. आणि म्हणाले, अजून चार दिवस द्या, पाचव्या दिवसापासून यांनी एक थेंबही त्या ट्रेमध्ये टाकता कामा नये, ते बघायला मला तुमच्यासारखंच कोणीतरी पाहिजे. सुनेने चारही ट्रे एकेक करून बघितले. म्हणाली, चार म्हणजे चार, पुढचं मी बघते.

चाकणहून आकडे आले ते परिषदेच्या आदल्या दिवशी. नुसत्या पाण्याच्या मेथीत काहीच नाही. चुळीच्या मेथीत निकोटीन पानात चढलेलं, आणि चूळ थांबल्यावर रोज थोडं थोडं उतरत गेलेलं. मास्तरांनी वही माझ्यासमोर धरली. मला त्या रेघा कळल्या नाहीत, पण उतरण कळली.

परिषदेला मुलाने गाडीतून नेलं. सूनही आली. मोठा हॉल, गार हवा, पुढच्या खुर्च्यांवर पिकलेली डोकी. मास्तरांनी सुरुवातच अशी केली की मी आपल्याला पत्रात जे कळवलं होतं ते चुकीचं आहे. सावलीचा काही संबंध नाही. निकोटीन आमच्या घरमालकीणबाईंच्या तोंडातलं आहे.

सभा हसली. खूप हसली. मागच्या रांगेतले उठून बघायला लागले. मास्तर दोन्ही हात मेजावर ठेवून उभे होते. हसणं संपेपर्यंत थांबले, पाणी प्यायले आणि पुढची रेघ पडद्यावर लावली. कोणत्या दिवशी किती, मुळात किती, पानात किती, कधी उतरायला लागलं. बोलता बोलता हॉल शांत होत गेला. हिरव्या शर्टासमोर बोलले होते त्यापेक्षा कितीतरी बरं बोलले.

मग पुढच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ उठले. त्यांनी विचारलं, रोप वाढलं म्हणून पानागणिक कमी दिसलं असेल. मास्तर म्हणाले, अख्ख्या रोपातलं मोजलंय. ते म्हणाले, ठीक. पण बसले नाहीत.

''चूळ बंद केली, असं तुम्ही म्हणता,'' ते म्हणाले. ''पण ती थांबली नसेल, नुसती कमी झाली असेल, तर हा उतार त्याचाच. रोपाने काही फोडलं असं म्हणता येणार नाही. या बाईंनी आधी चार महिने घरात पत्ता लागू दिला नव्हता. त्या दिवसांत त्या खरंच थांबल्या, याला पुरावा काय?''

मास्तरांनी वही उघडली आणि नुसतीच धरून ठेवली. कोणी हसलं नाही अजून, पण हसायच्या तयारीत होते. मास्तर माझ्याकडे बघायला लागले. मी काही बोलले असते तरी माझा शब्द कोण धरणार होतं.

माझ्या शेजारून सून उठली.

''पुरावा माझ्याकडे आहे,'' ती म्हणाली. ''मी रोज सकाळी गच्चीचं दार उघडायच्या आधी मोबाइलचा टॉर्च लावून यांचं तोंड बघत होते. ओठ उचलून, जीभ वर करून. यांचं पाणी घालून होईपर्यंत शेजारी उभी राहत होते. मग दाराला कुलूप लावून किल्ली कंपनीत घेऊन जात होते. फोटो आहेत, तारखेसकट.''

तिने जाऊन मोबाइल त्या गृहस्थांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला आणि माझ्या तोंडाचे सगळे फोटो एकेक करून बघितले. शेजारच्यांनाही दाखवले. मग मोबाइल परत देऊन मास्तरांना म्हणाले, ''याला पुरावा म्हणायला माझी हरकत नाही. पुढच्या वेळी मात्र तंबाखूचं पाणी बाटलीत करून घ्या.'' आणि ते बसले. मास्तरांनी वही मिटली, सभेला नमस्कार केला आणि तेही खाली बसले. टाळ्या वाजत होत्या.

सुनेने सांगितलेलं सगळं खरं होतं. तिचे फोटो सकाळचे होते. मी मिश्री दुपारी लावत होते, ती कंपनीत गेल्यावर, खाली घरात, आणि चूळ बेसिनमध्ये टाकून वरून नळ सोडत होते. मेथीच्या अंगाला त्यातला एक थेंब लागला नाही. सभेत मेथीबद्दलच विचारत होते, म्हणून मी पण टाळ्या वाजवल्या.